मधू दंडवते
प्रा. मधू रामचंद्र दंडवते (२१ जानेवारी, इ.स. १९२४:अहमदनगर – १२ नोव्हेंबर, इ.स. २००५:मुंबई) हे समाजवादी नेते, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक व केंद्रीय मंत्री होते. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी रेल्वेमंत्री या नात्याने पुन्हा सेवेत घेतले.

कारकीर्द
ते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात अध्यापन करीत. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ साली ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले व तेथून सलग पाच वेळा विजयी झाले. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-वेंगुर्ल्याची किनारपट्टी याच मतदारसंघात होती. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला.

बडतर्फ कामगारांचा प्रश्न
राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार सरकारी सेवकाला चौकशी करून बचावाची संधी दिल्याविना बडतर्फ करता येत नाही. मात्र चौकशी करणे व्यवहार्य नसेल, तर त्यास अपवाद आहे. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतही तशी तरतूद आहे. ८ मे १९७४ पासून वीस दिवस चाललेल्या संपात हजारो कामगारांची नोकरी गेली. त्यांपैकी अनेकांवर या तरतुदीखाली चौकशीविना कारवाई झाली. मार्च १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवते यांनी बडतर्फ कामगारांना कामावर परत घेतले. तरतूद मात्र कायम राहिली. १९८५ साली तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपवादाखालील चौकशीविना बडतर्फी वैध ठरवली.

उत्तरायुष्य
१९८९-९० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री होते. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले.