नळ कोणी सोडायचा?

बेळगावहून रेल्वेनं पुण्याला जाताना कराड मागे पडलं की मसूर नावाचं एक छोटं स्टेशन येतं. आजवर मी ते कधी मुद्दाम पाहिलं नव्हतं. गेल्या सुट्टीत खिडकीशी बसून पाहिलं. १९०१ साली याच स्टेशनवर दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर, मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं असे उतरले होते. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांच्याकडे पोरं सुट्टीला निघालेली. नवे कपडे, पहिलाच रेल्वेचा प्रवास. पण येत असल्याचं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही पोरांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं या अटीवर!

डब्यात भरपूर जेवण होतं, पाणी नव्हतं. वाटेत जे पाणी सापडलं त्यात चिखल आणि गुरांचं शेण-मूत. रात्री जकात नाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्यानं त्यांनी आपण मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं. नाकेदारानं तरी पाणी दिलं नाही. समोर अन्न असून पोरं उपाशी झोपली. पाण्यावाचून घास उतरत नाही, हे आपण एरवी लक्षातसुद्धा घेत नाही.

बाबासाहेबांनी ही आठवण पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली. त्याच लिखाणात साताऱ्याच्या शाळेचीही एक आठवण आहे आणि मला तीच जास्त लागली. शाळेत नळ होता. पण भीमरावांनी त्याला हात लावायचा नाही. शिपायानं येऊन नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर त्या दिवशी तहान तशीच. म्हणजे पाणी चांगलं होतं, चार पावलांवर होतं, तरी मुलगा तहानलेला. गावात पाणी पोचलं की नाही हे आपण पाइपलाइनीवरून मोजतो. या मोजमापात ते पोरगं कुठे बसतं?

कोलंबिया, लंडन, पदव्या हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देते. १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. कागदावर खुल्या.

आता आपल्या भागाकडे येऊ. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. प्रतिनिधींना पाणी हवं म्हणून खणलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, १० आणि ११ एप्रिल १९२५ ला, निपाणीत मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली आणि अध्यक्ष होते बाबासाहेब. (निपाणी तेव्हा मुंबई प्रांतात.) आमच्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? मला नव्हतं, आणि माझं आजोळ निपाणीजवळच आहे.

मग महाड. तिथल्या नगरपालिकेनं १९२४ मध्येच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, पण तळ्यावर जायची कोणाची हिंमत नव्हती. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात भरलेलं तळं असताना! २० मार्चला बाबासाहेब हजारो माणसांबरोबर तळ्याशी गेले आणि आपल्या ओंजळीनं पाणी प्यायले. कोणी नळ सोडून दिला नाही, कोणी वरून ओतलं नाही. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. पाणी नेमकं कशानं घाण होतं, हे वाचकांनीच ठरवावं. विरोधक कोर्टात गेले. तळं खासगी आहे, रूढी पुरातन आहे, असा त्यांचा दावा. निकाल लागायला मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ उजाडला. जिंकले, पण दहा वर्षांनी.

चवदार तळ्यावर इतर धर्मांच्या लोकांना बंदी नव्हती. गुरंही प्यायची. म्हणजे माझ्यासारख्या ख्रिस्ती मुलीला तिथं कोणी अडवलं नसतं. हे वाचून मला सुटल्यासारखं वाटलं नाही, उलट अवघडल्यासारखं झालं. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्याशी हौदावर हातपाय धुतले म्हणून बाबासाहेबांवर धावून आले ते मुसलमान होते. धर्मांतरित ख्रिश्चनांमध्येही जात कशी टिकून राहिली, यावर त्यांनी लिहिलंय. ते आपल्याकडे फारसं वाचलं जात नाही.

पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या जलयोजनांचं काम त्यांनी पाहिलं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट यांची नावं आहेत, आणि ती सरकारी पैशातून राखलेली किंवा जनतेसाठी दिलेली असावीत, असे शब्दही. मला त्यात महाडचा तो सगळा खटला दिसतो. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले.

हा लेख लिहिताना मी आजीला तिच्या लहानपणच्या विहिरीबद्दल विचारलं. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन काठापासून लांब थांबायच्या, कोणी ओतेल याची वाट बघत. आजी म्हणाली की आपण ख्रिस्ती, आपण असला भेदभाव करायचो नाही, आपण त्यांना पाणी ओतायचो. अभिमानानं सांगत होती. मी तिला साताऱ्याच्या शिपायाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली की दोर मात्र आपण त्यांच्या हातात कधी दिला नाही.