रमाबाई रानडे आणि ससूनमधील मुली

बारावीचा निकाल लागला की पिंप्राळ्यातील पालक मुलीला घेऊन शिक्षकांकडे सल्ल्याला येतात. डी.एड., फार्मसी, संगणक यांची चौकशी आपुलकीने होते. परिचर्या व प्रसूतिशास्त्र या अभ्यासक्रमाचे नाव निघाले म्हणजे मात्र वडील गप्प होतात आणि आई विषय बदलते. काम पुण्याचे आहे, नोकरीही मिळते, हे सर्वांना मान्य असते. पण आपल्या घरच्या मुलीने नर्स व्हावे काय, येथे गाडी अडते. हीच गाडी शंभर वर्षांपूर्वी पुण्यातही अडली होती. ती पुढे ढकलणाऱ्या बाईंचे नाव कै. रमाबाई रानडे. त्यांच्यावरील मालिका दूरदर्शन संचावर पुष्कळांनी पाहिली असेल, परंतु न्यायमूर्तींच्या पत्नी एवढ्यावरच त्यांची ओळख संपू नये, म्हणून हा लेख.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे अशुभ समजत. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वर एकतीस वर्षांचे, विद्वान व न्यायखात्यात अधिकारी. वधूला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः शिकवायला प्रारंभ केला. मराठी झाले, मग इंग्रजी आले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. दिवसभर टोमणे, अबोला आणि कामाचा भार, आणि रात्री अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. उलट उत्तर न देता शिकत राहायचे, ही सवय त्यांना इथेच लागली असावी. पुढे ती फार उपयोगी पडली.

आपल्या खानदेशाशीही त्यांचा संबंध आला. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, पुण्यातील बुधवार वाड्याला आग लागली आणि सरकारचा संशय रानड्यांसारख्या माणसावरही गेला. त्यांची तडकाफडकी धुळ्यास बदली झाली. तेव्हा धुळे व जळगाव वेगळे नव्हते. खानदेशाचे दोन जिल्हे १९०६ साली झाले. धुळ्यात रानड्यांची टपालातील पत्रे फोडून पाहिली जात. फडक्यांच्या नावाची बनावट पत्रेही त्यांच्याकडे येत व ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. काही महिन्यांनी संशय फिटला. सतरा वर्षांच्या रमाबाईंनी हे सारे जवळून पाहिले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आमच्या आयुष्यातील काही आठवणी या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत आहे. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आपल्या मुलींनी ते अवश्य वाचावे.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाई अद्याप चाळिशीच्या आत होत्या. वर्षभर त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. नंतर येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटण्यास जाऊ लागल्या आणि हळूहळू कामाला लागल्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ व दयाराम गिडुमल हे सिंधी गृहस्थ यांनी मुंबईत सेवासदन काढले व रमाबाईंना अध्यक्ष केले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यास सेवासदन सुरू झाले. तेथे भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे उजवे हात होते. प्रौढ स्त्रियांना लिहिणे-वाचणे, शिवणकाम, शिक्षिकांचे वर्ग, अशी कामे निघाली. पण खरी कसोटीची गोष्ट ठरली ती परिचारिका व सुईणींचे शिक्षण.

त्या काळच्या बाळंतपणाची स्थिती कशी होती, हे समजल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही. अंधारी, कोंदट खोली. सुईण अनुभवी असे, मायाळूही असे, पण हात धुणे तिला कोणी शिकवलेले नसे. नाळ घरातल्या विळीने कापायची. त्यातून बाळाला धनुर्वात व बाळंतिणीला सूतिकाज्वर होई, आणि लोक नशिबाला किंवा नजर लागण्याला दोष देत. हात धुतल्याने बाळंतिणी वाचतात हे व्हिएन्नाच्या झेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्येच दाखवले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची लंडनमधील परिचारिकांची शाळाही १८६० पासून चालू होती. हे ज्ञान आपल्या घरात शिरायला स्त्रीच हवी होती, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टरला प्रवेश नव्हता. आमच्या समाजातील थोरल्या बायकांना हे निराळे सांगायला नको.

पुण्यात ससून रुग्णालय होते. बगदादहून आलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते १८६७ साली उघडले. रमाबाईंनी आपल्या मुली तेथे शिकण्यास धाडल्या. पारशाची कल्पना, यहुद्याचे रुग्णालय आणि शिकणाऱ्या बहुतेक हिंदू विधवा! तोपर्यंत इकडे परिचारिका असत त्या बहुतेक ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन. रक्त, मलमूत्र, परक्या जातीच्या रोग्यास स्पर्श, परपुरुषाची शुश्रूषा, रात्रपाळी, असे आक्षेपांवर आक्षेप आले. रमाबाईंनी वाद घालीत वेळ दवडला नाही. मुलींच्या राहण्यासाठी वसतिगृह केले व देखरेख ठेवली. बापाला खरी काळजी असते ती मुलगी रात्री कोठे निजते याची, बाकीची कारणे पुष्कळदा त्यावरील पांघरूण असतात, हे माझे मत.

आज त्या दोन्ही विद्या एकाच पदवीत येतात. बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र, नंतर प्रवेश परीक्षा व चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग. राज्यातील अशी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये परिचारिका आणि प्रसूतिसाहाय्यिका अशी दुहेरी नोंदणी होते. पदवी नको असेल त्यांना तीन वर्षांची पदविका आहे, आणि तिच्या नावातच दोन्ही शब्द आहेत. मुलांनाही हा मार्ग खुला आहे.

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभातील गोष्ट प्रसिद्ध आहे. परिचर्येचे शिक्षण घेतलेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली. केशवपन झालेले, अंगावर साधे लुगडे. सज्जात बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. तिने मान खाली घालून बक्षीस घेतले. रमाबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. शेवटी आभार मानण्यास उठल्या, तेव्हा सज्जाकडे पाहून त्यांनी त्या तरुणांना सर्वांसमक्ष सुनावले. तुम्ही शिकता खरे, पण तुम्हाला सुशिक्षित कसे म्हणावे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. रूढीने छळलेल्या बहिणीला तुम्ही हसलात, आणि अशी बहीण, मावशी, आत्या तुमच्या प्रत्येकाच्या घरी आहे. सभागृह चिडीचूप झाले.

मुली येत राहिल्या. परिचारिका, सुईणी आणि पुढे डॉक्टरीचा वर्ग करणाऱ्याही सेवासदनातून निघाल्या. रमाबाई १९२४ साली वारल्या. देवधरांनी ते काम १९३५ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत चालविले.