आउट्रमसाहेब आणि खानदेशचे भिल्ल

आपल्या वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांच्या घरी तीन बोली असतात. कोणाची अहिराणी, कोणाची भिलोरी, कोणाची गुजराती. पुढे कचेरीत वा कारखान्यात हेच चित्र दिसावयाचे. निरनिराळ्या रीतिरिवाजांची माणसे एका कामास जुंपली, म्हणजे नुसत्या हुकुमाने भागत नाही. हे ज्याने आपल्याच प्रांतात ओळखले, त्या पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

जेम्स आउट्रम याचा जन्म इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात २९ जानेवारी १८०३ रोजी झाला. वडील नामांकित एंजिनियर. परंतु जेम्स दोन वर्षांचा असतानाच ते वारले, व आईने मोठ्या ओढगस्तीत मुलांस स्कॉटलंडात वाढविले. १८१९ साली तो मुंबईच्या लष्करात दाखल झाला. अंगाने लहानखुरा, पण छाती मोठी.

त्यापूर्वी एकच वर्ष खानदेश इंग्रजांच्या हाती आला होता. डोंगरघाटांची राखण ही पूर्वापार भिल्ल नाइकांकडे असे. तिचा मोबदला बंद होताच नाईक लुटीस निघाले. सरकारने फौजा पाठविल्या. शिपाई रानातील तापाने मेले, काही नाईक पकडले गेले, तरी वाटा निर्धास्त होईनात. तेव्हा ज्यांना पकडावयाचे त्यांनाच शिपाई करावे, असा विचार गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत ठरला, आणि १८२५ साली हे काम अवघ्या बावीस वर्षांच्या आउट्रमवर पडले.

त्याने आरंभ शस्त्रानेच केला, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु हाती लागलेल्या कैद्यांकरवी त्याने नाइकांशी बोलणे सुरू केले, आणि मग पहारा न घेता एकटाच त्यांच्या रानात जाऊन राहिला. त्यांच्यात झोपला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस गेला. त्यांची मने वळविण्यासाठी त्याने ब्रँडीही सढळ हाताने पाजली. हा उपाय आम्हांस मुळीच रुचत नाही. पण चरित्र लिहावयाचे तर जसे घडले तसेच लिहिले पाहिजे. एवढे करूनही प्रथम जे भिल्ल चाकरीस आले, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यांना दोष कसा द्यावा? आजवर सरकारचे बोलावणे म्हणजे बेडी, हाच त्यांचा अनुभव होता.

पुढे तो आपल्या नव्या शिपायांस घेऊन मालेगावी गेला. तेथे त्याची स्वतःची जुनी पलटण होती, आणि तीत उंच जातींचे पुष्कळ शिपाई होते. भिल्लांस कोणी हिणवले असते, तर सारे श्रम एका घटकेत वाया जाते. पण त्या शिपायांनी त्यांचे स्वागत केले. मोठमोठ्या जातींचे लोक आपण होऊन त्यांच्या भेटीस गेले आणि त्यांना पानसुपारी दिली. शिक्षक या नात्याने मला हा प्रसंग साऱ्या चरित्रात मोठा वाटतो. साहेब रानात गेला खरा, पण पंक्तीतल्या सोबत्याने हात पुढे केला नसता, तर रानातला माणूस छावणीत राहिला नसता.

धरणगाव हे या भिल्ल पलटणीचे ठाणे झाले. थोड्याच वर्षांत ती शेकड्यांनी वाढली. १८३० साली डांगच्या मोहिमेत याच पलटणीचा उपयोग झाला. म्हणजे रानातल्या माणसांवर रानातलीच माणसे पाठविली गेली. आउट्रमच्या स्नेहात सरकारचा स्वार्थ होता, हे विसरता येत नाही.

१८३५ साली तो गुजरातेत गेला. त्यानंतरचा अफगाणिस्तान, सिंध, इराण व लखनौ येथील वृत्तांत इतिहासाच्या पुस्तकांत सापडेल. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो गावी त्याचा अंत झाला, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये त्याला पुरण्यात आले.

इकडे खानदेशात पुष्कळ वर्षांनी त्याच्या काही जुन्या भिल्ल शिपायांस एक लहानशी ओबडधोबड मूर्ती सापडली. तिचा चेहरा आपल्या साहेबासारखा आहे असे त्यांना वाटले. त्यांनी ती उचलून आणली, मांडली, आणि आउट्रमसाहेब म्हणून तिची पूजा सुरू केली.