ट्रॅफिकचा जनक, ज्याने गाडी चालवलीच नाही!

मित्रांनो, लाल रंगाची अष्टकोनी 'स्टॉप'ची पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती पाहून थांबणारे किती, हा प्रश्न वेगळा! पण ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली असं मानलं जातं, ते गृहस्थ आयुष्यात कधी मोटार चालवायला शिकलेच नाहीत, हे सांगितलं तर पटेल? त्यांचं नाव विल्यम फेल्प्स ईनो.

ईनो यांचा जन्म ३ जून १८५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील एमोस ईनो हे जमीनजुमल्याच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. म्हणजे पोरगं खात्यापित्या घरचं. १८६७ साली, नऊ वर्षांचे असताना, आईबरोबर घोडागाडीतून जाताना ते ब्रॉडवेवर ट्रॅफिक जाममध्ये अडकले. गाड्या किती? जेमतेम डझनभर! पण आधी कोणी जायचं हे ना गाडीवानांना ठाऊक, ना पोलिसांना. सगळे एकमेकांची वाट अडवून उभे. रस्ता कमी नव्हता, नियम नव्हता. ही गोष्ट त्या मुलाच्या मनात पक्की बसली.

पुढे येल विद्यापीठातून शिक्षण झालं आणि ते वडिलांच्या धंद्यात शिरले. १८९८ मध्ये वडील वारले. हाताशी पैसा होता, दुसरा कोणी असता तर आरामात बसून खाल्लं असतं. ईनोसाहेबांनी मात्र धंदा सोडला आणि चाळिशी उलटल्यावर ट्रॅफिकचा ध्यास घेतला. १९०० साली 'रायडर अँड ड्रायव्हर' या मासिकात रस्त्यावरच्या वाहतुकीत सुधारणा हवी, असा लेख लिहिला. १९०३ मध्ये त्यांनी तयार केलेले वाहन चालवण्याचे नियम न्यूयॉर्कने स्वीकारले. त्यात काय होतं? उजवीकडून चला, हळू जाणाऱ्याने रस्त्याच्या कडेला राहा, ओव्हरटेक डावीकडून करा, थांबताना किंवा वळताना हात नाहीतर चाबूक वर करून मागच्याला सांगा. आज आपल्याला यात काय विशेष वाटत नाही. पण तेव्हा हे कुणीतरी लिहून काढायला हवं होतं. एकेरी रस्ते, टॅक्सी स्टँड, पादचाऱ्यांसाठी रस्त्याच्या मध्ये सुरक्षित जागा, या गोष्टींचं श्रेयही त्यांना दिलं जातं. १९०५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला त्यांच्या योजनेप्रमाणे वाहनं एकाच दिशेने फिरू लागली. लंडन आणि पॅरिससाठीही त्यांनी योजना आखल्या. १९२१ मध्ये स्वतःच्या पैशाने संस्था काढली, ती आजही वॉशिंग्टनमध्ये काम करते. स्वतः मात्र घोड्यांचे शौकीन. मोटार असली तरी चालवायला ड्रायव्हर!

आता पाटीची गोष्ट. १९१५ मध्ये डेट्रॉइट शहरात स्टॉपची पहिली पाटी लागली, पांढऱ्यावर काळी अक्षरं. १९२३ मध्ये अष्टकोन ठरला. त्यामागचं लॉजिक मस्त आहे. जितक्या जास्त बाजू तितका जास्त धोका, म्हणून रेल्वे क्रॉसिंगला वर्तुळ आणि त्याखालोखाल स्टॉपला अष्टकोन. मागून किंवा अंधारात पाहिली तरी आकारावरून पाटी ओळखू यावी, हा फायदा. पुढे बरीच वर्षं ती पिवळी होती, कारण न विटणारा लाल रंग मिळत नव्हता. लाल पाटी १९५४ मध्ये आली. ईनो ३ डिसेंबर १९४५ ला गेले होते, त्यांना ती पाहायला मिळाली नाही.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. अमेरिकेतल्या वस्त्यांमधून लोक मागणी करू लागले की आमच्या कोपऱ्यावर पण स्टॉपची पाटी लावा, गाड्या जोरात जातात, मुलं खेळतात. आईबापांची काळजी खरी आहे, त्यात चूक काही नाही. पण पाटीने वेग कमी होतो का? होतो, फक्त पाटीजवळ! दोन पाट्यांच्या मध्ये ड्रायव्हर गेलेला वेळ भरून काढायला उलट ॲक्सिलरेटर दाबतो. आणि जिथे समोरून कधीच कुणी येत नाही, तिथे रोज थांबायला लावलं की माणूस थांबल्यासारखं करून निघून जातो. मग हीच सवय तो खरोखर धोक्याच्या चौकातही घेऊन जातो. रस्ता ओलांडणाऱ्या पोराला मात्र वाटतं, पाटी आहे म्हणजे गाडी थांबणारच. इथे जीव जाऊ शकतो.

म्हणूनच अमेरिकेच्या ट्रॅफिक मॅन्युअलच्या २००९ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे की स्टॉपची पाटी वेग आवरायला वापरू नये. चौकाच्या सगळ्या बाजूंना पाटी लावायची तर आधी मोजणी करा. मोठ्या रस्त्यावर दिवसातले आठ तास सरासरी ताशी किमान ३०० वाहनं, किंवा बारा महिन्यांत अशा पाटीने टळू शकले असते असे पाच अपघात, असे निकष दिले आहेत. कोपऱ्यावर भिंत किंवा झाड असून समोरचं दिसतच नसेल, तर पाटीचा विचार जरूर करायचा. नाहीतर झाड छाटा, स्पीडब्रेकर करा, रस्ता अरुंद करा.

गंमत म्हणजे ईनो गेले त्याच्या दोन आठवडे आधी, १९ नोव्हेंबर १९४५ ला, हॉलंडमध्ये हान्स मोंडरमान जन्मला. हा ट्रॅफिक इंजिनिअर पुढे पाट्या आणि सिग्नल काढून टाकण्यासाठी प्रसिद्ध झाला. एकाने पाट्या आणल्या, दुसऱ्याने काढल्या. मग बरोबर कोण? मला वाटतं दोघंही. १८६७ च्या त्या डझनभर गाड्यांना पाटीची नाही, आधी कोण जाणार हे माहीत असण्याची गरज होती. सर्कलचंही तसंच. नुसता गोल बांधून भागलं नाही. जुन्या गोलांमध्ये बाहेरून घुसणाऱ्यामुळे आतली वाहनं अडकत. १९६६ मध्ये इंग्लंडने गोलातल्या वाहनाला आधी जाऊ देण्याचा नियम केला, तेव्हा ते नीट चालू लागले.

मित्रांनो, आपल्याकडेही आयआरसी:६७ मध्ये हीच अष्टकोनी पाटी आहे. उद्या आपल्यातलेच कोणी सही करून ती लावतील. तेव्हा एक करा. फाईलवर सही करण्याआधी वही-पेन घेऊन त्या चौकात उभे राहा आणि गाड्या मोजा. ईनोसाहेबांनी गाडी चालवली नसेल, पण रस्ता बघितला होता. इंजिनिअरला तेवढं तरी जमायला हवं, नाही का?