रोझलिंड फ्रँकलिन: डीएनएच्या फोटोनंतरची गोष्ट

रोझलिंड फ्रँकलिन म्हटलं की डीएनएचा ‘फोटो ५१’ आठवतो. पण १९५३ मध्ये किंग्ज कॉलेज सोडल्यावर त्यांनी काय केलं, हे कितीजणांना माहीत असतं?

लंडनच्याच बर्कबेक कॉलेजात त्यांनी तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा व्हायरस हाती घेतला: टीएमव्ही. काडीसारखा, फक्त ३०० नॅनोमीटर लांब. त्यातून एक्स-रे सोडायचे, फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून आतली रचना गणिताने शोधायची.

निघालेलं उत्तर भारी होतं. कवच म्हणजे एकाच प्रोटीनचे २,१०० च्या आसपास तुकडे, गोल जिन्यासारखे रचलेले. दर ३ फेऱ्यांत ४९. मधोमध पोकळी. पण आरएनए पोकळीत नाही, प्रोटीनच्या थरांमध्ये घट्ट बसलेला. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वापरायचा, म्हणून इवल्याशा आरएनएतही कवचाची माहिती मावते.

१९५६ मध्ये कॅन्सर निघाला. ऑपरेशन्स झाली, काम थांबलं नाही. १६ एप्रिल १९५८ ला त्या गेल्या, वय अवघं ३७. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन सुरू झालं. तिथे त्यांच्या टीएमव्हीचं मोठं मॉडेल ठेवलेलं होतं.

त्यांचे सहकारी ॲरन क्लूग यांनी व्हायरसचं काम पुढे नेलं. १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नोबेल मात्र मरणोत्तर दिलं जात नाही.