तागाच्या पेडात विज्ञान शोधणारे जगदीशचंद्र बोस

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पिस्कॅटवे हे गाव आहे. तेथे भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि विद्युत् अभियंत्यांच्या ‘आय ट्रिपल ई’ या जागतिक संस्थेचे मोठे कार्यालयही आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८९४ ते १८९६ या काळात झालेल्या प्रयोगांचा या संस्थेने २०१२ साली जाहीर गौरव केला. ते प्रयोग सर जगदीशचंद्र बोस यांचे. त्यांचे चरित्र आपल्या मुलामुलींना ठाऊक असावे, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहोत.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. हे शहर आज बांगलादेशात आहे. वडील सरकारी अधिकारी होते. तरीही त्यांनी मुलाला प्रथम इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातले. पुढे कलकत्ता व केंब्रिज येथे शिकून जगदीशचंद्र १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा त्यांना कमी पगार देऊ केला, तेव्हा त्यांनी तीन वर्षे पगाराला हात लावला नाही. शिकविणे मात्र एक दिवसही थांबविले नाही. अखेर सरकारने मागील बाकीसह पूर्ण पगार दिला.

प्रयोगांसाठी साधने नव्हती. त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत् लहरी निर्माण केल्या आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून त्या पाठविल्या. रेल्वेच्या जाड वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचे पातळ पत्रे घातले, तेव्हा पानांना समांतर असलेले कंपन अडले आणि आडवे कंपन पार गेले. नेमलाइट नावाच्या तंतुमय खनिजात वीज तंतूंच्या दिशेने अधिक सहज वाहते, आडवी कमी वाहते, हे त्यांनी १८९७ साली दाखविले. पुढच्या वर्षी तागाचे पेड पिळून त्यांतून लहरी सोडल्या. लहरींच्या कंपनाची दिशाच वळली. पीळ उलटा दिला, तर ती उलट बाजूस वळली.

ऊस उभा चिरणे सोपे, आडवा तोडण्यास जोर लागतो, हे आपल्या बेटावर कोणाला सांगावयास नको. तंतुमय पदार्थात विजेलाही असाच दिशाभेद असतो. एअर मॉरिशसने २०१७ साली घेतलेल्या एअरबस ए-३५० विमानाचा निम्म्याहून अधिक भार अशा मिश्र पदार्थांचा आहे. त्यांतील कार्बनच्या धाग्यांमधून वीज लांबीच्या दिशेने चांगली वाहते. परंतु एका थरातून दुसऱ्या थरात जाताना मधले प्लॅस्टिक तिला अडविते, आणि तेथे उष्णता साठते. आकाशातील वीज पडली, तर अशा अंगाला इजा होऊ शकते. म्हणून वरच्या थरात धातूची बारीक जाळी बसवितात. ती वीज चहूकडे पसरवून देते.

१९१७ साली बोसांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधनसंस्था स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मातृभाषेच्या शाळेत घातल्यास मूल मागे पडेल, अशी भीती काही पालक आम्हा शिक्षकांजवळ बोलून दाखवितात. बंगाली शाळेत पहिली अक्षरे गिरविलेल्या या मुलाचे चरित्र त्यांनी एकदा घरात वाचून दाखवावे, एवढीच आमची विनंती आहे.