मुक्या घरांतील बोलका चेहरा : नट लॉन चेनी

जुन्या चित्रपटांचे चार रसिक एकत्र बसले कीं सर्वांत श्रेष्ठ नट कोण, हा वाद हटकून निघतो. कोणी चार्ली चॅप्लिनची बाजू घेतो, कोणी बस्टर कीटनच्या निर्विकार मुद्रेवर लुब्ध असतो, तर कोणी डग्लस फेअरबँक्सच्या उड्या व तलवारबाजी आठवून अजूनही हर्षभरित होतो. अशा वादांत आम्हीही पुष्कळदां भाग घेतला आहे. आमचें मत विचारलें म्हणजे आम्ही एकच नांव सांगतों, तें लॉन चेनी याचें. ऐकणारे बहुधा हसतात. कारण भयानक सोंगें आणणारा नट एवढीच त्याची ख्याति लोकांच्या स्मरणांत राहिली आहे. ती ख्याति फार अपुरी आहे. त्या सोंगांच्या आड कोण माणूस होता आणि आपली विद्या तो कोठें शिकला, हें वाचकांस कळावें, म्हणून त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज नांवाचें गांव आहे. तेथें १ एप्रिल १८८३ रोजीं लॉनचा जन्म झाला. वडील फ्रँक हे न्हाव्याचा धंदा करीत; आई एमा घर सांभाळी. दोघेंही बहिरीं होतीं. एमाच्या वडिलांना आपलींच मुलें बहिरीं निघाल्याचें दुःख होतें. परंतु ते नुसतें दुःख करीत बसले नाहींत. त्यांनीं १८७४ सालीं त्याच गांवीं बहिऱ्या मुलांसाठीं शाळा काढली, आणि ती शाळा आजतागायत चालू आहे. अशा कुळांत लॉन जन्मला. त्याला स्वतःला चांगलें ऐकूं येत होतें. पण ज्या घरांत तो वाढला त्या घरांत रागवावयाचें तें हातांनीं, आणि लाड करावयाचे तेही हातांनींच.

लॉन चौथ्या इयत्तेंत असतांना आईस संधिवातानें घेरलें व ती अंथरुणाला खिळली. घर चालविण्यास माणूस पाहिजे, म्हणून त्याची शाळा सुटली, ती कायमचीच. पुढें सुमारें तीन वर्षें त्यानें आईची शुश्रूषा केली आणि घर सांभाळलें. आईस खोलीबाहेरचें जग दिसत नसे, आणि ऐकूं तर येतच नसे. तेव्हां गांवांत फेरी मारून आला म्हणजे तो तिच्या खाटेपाशीं उभा राही व दिवसभराची वार्ता चेहऱ्यानें, खांद्यांनीं आणि चालीनें तिला सांगे. ज्या माणसाची गोष्ट सांगावयाची त्याची लकब हुबेहूब उतरली नाहीं, तर आईस तो माणूस ओळखूं यावयाचा नाहीं. म्हणून कोण कसा चालतो, कोण मान कशी वळवितो, हें बारकाईनें टिपून ठेवण्याची संवय त्यास लागली. प्रेक्षक एकच, आणि बक्षीस म्हणजे त्या प्रेक्षकाच्या मुखावरचें हसूं! अभिनयाची इतकी कठीण व इतकी प्रेमळ शाळा दुसऱ्या कोणा नटास लाभली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढें पोटासाठीं त्यानें नाना कामें केलीं. पर्वतावर येणाऱ्या प्रवाशांना वाट दाखविली, गालिचे अंथरले, पडदे लावले, गांवच्या नाटकगृहांत सामान हलविणारा पोऱ्या म्हणूनही राबला. १९०२ सालीं भावाबरोबर तो रंगभूमीवर उभा राहिला. त्यानंतरचीं दहा-अकरा वर्षें फिरत्या नाटकमंडळ्यांत गेलीं. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं, आणि पैशाची ददात पांचवीलाच पुजलेली.

१९०५ सालीं क्लीव्हा क्रेटन नांवाच्या तरुण गायिकेशीं त्याचा विवाह झाला, आणि पुढच्या वर्षीं पुत्र झाला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाहीं. कलह विकोपास गेला, आणि १९१३ सालीं लॉस एंजल्सच्या एका नाटकगृहांत क्लीव्हानें विष घेतलें. तिचे प्राण वांचले, पण गाण्याचा कंठ कायमचा गेला. घटस्फोट झाला, आणि मुलगा आईपासून दुरावून कांहीं काळ परक्या घरीं व वसतिगृहांत वाढला. ज्यानें बालपणीं आईचें मन तिच्या डोळ्यांवरून ओळखलें, त्यास तारुण्यांत स्वतःच्या घरांतील दुःख वेळेवर ओळखतां आलें नाहीं. नामांकित पुरुषांच्या चरित्रांतील असा भाग झांकून ठेवण्याची चाल आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. दोष झांकला तर माणूस कळत नाहीं. १९१५ सालीं चेनीनें हेझल हेस्टिंग्ज या बाईंशीं पुनर्विवाह केला व मुलास घरीं आणलें. हा संसार मात्र अखेरपर्यंत टिकला.

त्या प्रकरणाच्या बोभाट्यामुळें नाटकाचा धंदा त्यास बंद झाला, आणि तो चित्रपटांकडे वळला. तो काळ मूकपटांचा होता. पडद्यावर माणसें हलत, पण त्यांचा आवाज येत नसे; मजकूर मधूनमधून अक्षरांत दाखवीत. इतर नटांस ही मोठी अडचण वाटे. चेनीस तें आपलें लहानपणचें घरच वाटलें असावें! युनिव्हर्सल कंपनींत तो किरकोळ कामें करूं लागला. दिग्दर्शकास एके दिवशीं म्हातारा पाहिजे असे, दुसऱ्या दिवशीं खलाशी, तिसऱ्या दिवशीं दरवडेखोर. चेनी आपली रंगपेटी घेऊन बसे आणि पाहिजे तो माणूस होऊन उठे. त्या वेळीं नट आपली रंगभूषा आपणच करीत. कित्येक वर्षें असें राबूनही त्याचा मोबदला वाढेना, तेव्हां १९१८ सालीं तो त्या कंपनींतून बाहेर पडला.

दुसऱ्याच वर्षीं त्याचें भाग्य उघडलें. १९१९ सालच्या ‘द मिरॅकल मॅन’ या चित्रपटांत भामट्यांची एक टोळी एका श्रद्धाळू वृद्धाच्या नांवावर पैसे मिळवूं पाहते, आणि अखेर त्या वृद्धाच्या सहवासानें तीच पालटते, अशी कथा आहे. चेनीनें त्यांत पांगळ्याचें सोंग घेणाऱ्या भामट्याची भूमिका केली. वांकडेतिकडे झालेले हातपाय लोकांसमोर एकेक करून सरळ होतात, हा देखावा पाहून प्रेक्षक थक्क झाले. १९२० सालच्या ‘द पेनल्टी’मध्यें त्यानें पाय तुटलेल्या गुन्हेगाराचें काम केलें. त्यासाठीं तो दोन्ही पाय गुडघ्यांत दुमडून मागें कातडी पट्ट्यांनीं आवळून बांधी आणि गुडघ्यांवर चाले. त्या वेदना फार वेळ सोसवत नसत. थोड्या थोड्या वेळानें बंध सोडावे लागत.

१९२३ सालीं त्याच युनिव्हर्सल कंपनीनें व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून ‘द हंचबॅक ऑफ नॉटर डेम’ हा मोठ्या खर्चाचा चित्रपट काढला, आणि पॅरिसच्या मंदिरांत घंटा वाजविणाऱ्या कुबड्या क्वासिमोदोची भूमिका चेनीस दिली. त्याच्या पाठीवरील कुबड सत्तर पौंडांचें होतें, अशी दंतकथा रसिकांत अजून सांगतात. खरें वजन त्याहून पुष्कळच कमी होतें. आमच्या मतें ती दंतकथा लक्ष भलतीकडे नेते. क्वासिमोदो हा घंटांच्या निनादानें बहिरा झालेला आहे, ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. बहिऱ्या मातापितरांच्या पुत्रानें बहिऱ्याचें काम केलें तें कुबडाच्या जोरावर केलें नाहीं. जमाव त्याची थट्टा करतो, आणि फटके खाऊन तहानेनें व्याकुळ झालेल्या त्या कुरूप माणसास एक मुलगी पाणी पाजते, तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर जें उमटतें तें रंगपेटींत सांपडणारें नव्हे.

१९२५ सालच्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मध्यें तर त्याची कीर्ति शिखरास पोंचली. नाट्यगृहाच्या तळघरांत राहणारा विद्रूप गवई, आणि मागून येऊन त्याचा मुखवटा ओढून काढणारी तरुणी, हा प्रसंग अजूनही पाहणाऱ्यास दचकवितो. चित्रपट लोकांसमोर येईपर्यंत तो चेहरा कंपनीनें गुप्त ठेवला होता. त्या काळीं अमेरिकेंत एक विनोद प्रसिद्ध झाला, कीं वाटेंत किडा दिसला तर चिरडूं नये, न जाणो तो लॉन चेनी असावयाचा! हजार चेहऱ्यांचा माणूस हें बिरुद त्यास मिळालें. १९२९ सालच्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या विश्वकोशांत चित्रपटांच्या रंगभूषेवर लेख लिहिण्याचा मान त्यास मिळाला. चौथ्या इयत्तेंत शाळा सोडलेल्या मुलाचा हा गौरव आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. मात्र तो कांहीं शाळा सोडल्याचें फळ नव्हे. हातीं घेतलेलें काम मुळापासून शिकण्याच्या हट्टाचें तें फळ आहे.

एवढी कीर्ति झाली तरी तो समारंभ व मुलाखती टाळी, आणि पर्वतांत मासे धरण्यास जाई. बोरिस कार्लोफ हा पुढें गाजलेला नट त्या वेळीं अगदीं अज्ञात व गरजू होता. दुसऱ्यांस जें करतां येत नाहीं किंवा जें करण्याची त्यांची तयारी नाहीं तें शोधून काढ, असा सल्ला चेनीनें त्यास दिला, व कार्लोफ तो आयुष्यभर सांगत राहिला.

मग बोलपट आले. चेनी कांहीं काळ त्यांपासून दूर राहिला. अखेर १९३० सालीं आपल्याच ‘द अनहोली थ्री’ या जुन्या मूकपटाच्या बोलत्या आवृत्तींत तो प्रथमच बोलला, आणि एका आवाजांत नव्हे, पांच आवाजांत! ते सर्व आवाज आपलेच आहेत, असें शपथपत्रही त्यानें लिहून दिलें. हजार चेहऱ्यांच्या नटास आतां हजार आवाज मिळणार, असें लोक म्हणूं लागले. परंतु कर्करोगानें त्यास आधींच गांठलें होतें. घशांतून रक्त जाऊं लागलें व वाचा बंद झाली. अखेरच्या दिवसांत आप्तांशीं तो बोलला तें हातांच्या खुणांनीं, म्हणजे आईच्या खाटेपाशीं शिकलेल्या भाषेंत. २६ ऑगस्ट १९३० रोजीं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. ग्लेंडेल येथें वडिलांच्या शेजारीं त्यास ठेवलें आहे. त्या जागीं त्याचें नांवही कोरलेलें नाहीं.

चेनीनें दीडशेंवर चित्रपटांत कामें केलीं. त्यांपैकीं बहुतेक आतां नष्ट झाले आहेत. ‘द मिरॅकल मॅन’चीं कांहीं मिनिटेंच काय तीं उरलीं आहेत. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ या १९२७ सालच्या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ सालच्या आगींत जळाली. सुदैवानें क्वासिमोदो व फँटम हे दोघे वांचले आहेत, आणि त्याची रंगपेटी लॉस एंजल्सच्या संग्रहालयांत जपून ठेविली आहे.

रसिकांचा वाद कधीं मिटावयाचा नाहीं, आणि मिटूंही नये. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस चॅप्लिन अधिक आवडला तर आमची मुळींच हरकत नाहीं. मात्र हे जुने मूकपट पाहण्याचा योग आला तर चेनीच्या भयंकर दांतांवरून नजर काढून त्याच्या डोळ्यांकडे पाहा. आणि पालकहो, घरांतील दुखण्याइताशीं मुलगा चार घटका बसला तर त्याचा अभ्यास बुडाला म्हणून फार हळहळूं नका. आजाऱ्याच्या उशाशीं मूल काय शिकतें, हें पुष्कळ वर्षांनीं कळतें. लॉन चेनीच्या बाबतींत तें साऱ्या जगास दिसलें. आणि तें सर्वांआधीं ज्या माउलीनें पाहिलें, तिला त्याचा एक शब्दही कधीं ऐकूं आला नव्हता.